दुसरा बिंदू कुठून आणायचा?

मागे एकदा बारावीतल्या एका मुलाच्या वहीत हे उत्तर दिसलं:

य − ९ = २क्ष(क्ष − ३)

प्रश्न नेहमीचाच होता. य = क्ष² या वक्राला (३, ९) या बिंदूपाशी जी स्पर्शिका येते, तिचं समीकरण काढा. मुलाला डेरिव्हेटिव्ह (वक्राचा कुठल्याही बिंदूपाशी चढ किती ते सांगणारं सूत्र) काढता येत होता, रेषेचं सूत्र तोंडपाठ होतं, बिंदूही त्याने जागच्या जागी घातला होता. तरी उत्तर चुकलं. नुसतं चुकलं असतं तर ठीक, इथे रेषाच हातची गेली. कंस सोडवून बघा: य = २क्ष² − ६क्ष + ९. हा तर आणखी एक पॅराबोला, य = क्ष² सारखाच वाटीच्या आकाराचा वक्र! सरळ आणायला गेलेला गडी वाकडं घेऊन परत आला.

मी बरीच वर्षं घरी मुलांना गणित शिकवतो आणि ही चूक दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीत उगवतेच. ती आळसाने होत नाही. या सगळ्या प्रकारात डेरिव्हेटिव्ह नेमकं कुठलं काम करतो हे कुणी सांगितलेलं नसलं की होते. ते काम अगदी छोटं आहे. बाकीचा पसारा सगळा दहावीचा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची इथे आणखी एक पंचाईत असते. दहावीपर्यंत स्पर्शिका, छेदिका, चढ हे शब्द रोजच्या सवयीचे. सायन्सला गेलं की त्याच गोष्टी टँजंट, सीकंट, स्लोप म्हणून समोर येतात, आणि जुनी ओळख असूनही मुलं त्यांच्याशी परक्यासारखी वागतात. मी इथे शक्यतो जुनेच शब्द वापरतो.

तर आधी दहावीचं आठवू. रेषेचा चढ म्हणजे क्षच्या दिशेने एक पाऊल पुढे टाकलं की य किती वर जातो ते. दोन बिंदू दिले की तो काढता येतो: यमधला फरक भागिले क्षमधला फरक. समजा (२, ५) आणि (४, ११) हे बिंदू आहेत. य सहाने वाढला, क्ष दोनाने, म्हणून चढ ३. मग त्यातला कुठलाही एक बिंदू घ्यायचा आणि लिहायचं:

य − ५ = ३(क्ष − २)

संपलं. रेषेला दोनच गोष्टी लागतात, एक बिंदू आणि एक चढ. स्पर्शिकाही रेषाच आहे, तिलाही याहून वेगळं काही लागत नाही.

अडचण एवढीच की स्पर्शिकेच्या प्रश्नात बिंदू एकच दिलेला असतो. आपल्याकडे (३, ९) आहे. चढ काढायला दुसरा बिंदू हवा, आणि स्पर्शिकेवरचा दुसरा बिंदू कुणालाच माहीत नाही. तो माहीत असता तर प्रश्न विचारलाच नसता. (३, ९) हाच दोनदा वापरला तर शून्य भागिले शून्य येतं. त्यातून काही निघत नाही.

मग काय करायचं? शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणतो तसा एक बिंदू उसना आणायचा. स्पर्शिकेवरचा मिळत नाही, पण वक्रावरचे हवे तेवढे मिळतात. (४, १६) घेऊ. (३, ९) आणि (४, १६) यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ ७. ही स्पर्शिका नाही, वक्राला दोन ठिकाणी कापणारी छेदिका आहे. उसना बिंदू जरा लांबचा आणला, म्हणून उत्तर ढोबळ आलं. आता जवळचा आणू. क्ष = ३.१ घेतला तर य = ९.६१, चढ ०.६१ भागिले ०.१, म्हणजे ६.१. क्ष = ३.०१ घेतला तर य = ९.०६०१, चढ ६.०१. आणखी जवळ, ३.००१ वर, चढ ६.००१. पलीकडून, म्हणजे २.९९ वरून आलात तर ५.९९. कुठे चाललंय ते आता सांगायला नको.

पण ‘दिसतंय ना’ एवढ्यावर गणितात भागत नाही. म्हणून उसन्या बिंदूचं अंतर आकड्यात न धरता त्याला ‘ह’ म्हणू. उसना बिंदू क्ष = ३ + ह वर आहे, तिथे य = (३ + ह)² = ९ + ६ह + ह². यमधला फरक ६ह + ह², क्षमधला फरक ह. भागाकार केला:

चढ = ६ + ह

वरच्या आकड्यांकडे पुन्हा एकदा नजर टाका. ७ म्हणजे ६ + १, ६.१ म्हणजे ६ + ०.१, ५.९९ म्हणजे ६ − ०.०१. ते सगळे या एका ओळीत बसलेत. आता ह शून्याकडे न्या, उसना बिंदू परत करा. उरला ६. स्पर्शिकेचा चढ हाच.

इथे हुशार मुलं हमखास अडवतात. ‘सर, भागताना ह शून्य नाही म्हणालात, म्हणून भागता आलं. लगेच पुढच्या ओळीत शून्य म्हणताय. हे कसं चालेल?’ प्रश्न रास्त आहे. १७३४ साली जॉर्ज बर्कली या आयरिश धर्मगुरूने न्यूटनच्या पद्धतीवर जवळपास हाच आक्षेप घेतला होता. या नाहीशा झालेल्या राशी म्हणजे मेलेल्या राशींची भुतं म्हणायची का, अशी त्याने टर उडवली. समाधानकारक उत्तर मिळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. कोशी, वायरश्ट्रास या गणितज्ञांनी ‘लिमिट’ ही कल्पना काटेकोर केली, तेव्हा वाद मिटला. सोप्या शब्दांत सांगायचं तर आपण ह शून्य करतच नाही. ह कितीही लहान केला तरी ६ + ह हा आकडा कशाला चिकटत जातो, एवढंच विचारतो. तो ६ ला हवा तेवढा जवळ नेता येतो, आणि ६ सोडून दुसऱ्या कुठल्याही आकड्याला तसा नेता येत नाही.

हा ‘त्या जागेचा, त्या क्षणाचा’ दर काढायचा विचार युरोपातच पहिल्यांदा सुचला असंही नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत ग्रहाच्या तात्कालिकी गतीचा विचार केला आहे. दिवसभराची सरासरी गती वेगळी आणि त्या क्षणाची वेगळी, हा भेद तिथे स्पष्ट आहे. त्यावरून ‘कॅल्क्युलस आपलंच’ अशी आरोळी ठोकणाऱ्यांत मी नाही. सगळ्या वक्रांना लागू पडणारी रीत तिथे नाही. पण प्रश्न तोच होता. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. पाटणादेवीला जाणारे बरेच लोक तो न बघताच परततात, हे आपलं जाता जाता.

आता वहीतल्या चुकीकडे येऊ.

उसनवारीचा हा खटाटोप प्रत्येक बिंदूसाठी पुन्हा पुन्हा करणं कंटाळवाणं आहे. म्हणून ३ च्या जागी कुठलाही ‘अ’ धरून एकदाच करून टाकायचा. (अ + ह)² − अ² भागिले ह, म्हणजे २अ + ह. ह गेला, उरलं २अ. हाच डेरिव्हेटिव्ह. मराठी पुस्तकांत त्याला विकलज म्हणतात, वर्गात ‘डीवाय बाय डीएक्स’. पुस्तकात तो २क्ष असा छापलेला असतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. २क्ष हा चढ नाही, चढ सांगणारा कारकून आहे. ‘साहेब, मी क्ष = ३ वर उभा आहे’ म्हणालात की तो ६ सांगतो. −१ वर उभे असाल तर −२. शून्यावर असाल तर शून्य, कारण तिथे पॅराबोलाचा तळ आहे आणि स्पर्शिका आडवी आहे. रेषेच्या समीकरणात कारकुनाने दिलेला आकडा घालायचा असतो. माझ्या विद्यार्थ्याने अख्खा कारकूनच उचलून आत नेऊन बसवला.

दोष अक्षराचाही आहे. २क्षमधला क्ष म्हणजे तुम्ही वक्रावर कुठे उभे आहात ते. तो ठरलेला आहे, ३. रेषेच्या समीकरणातला क्ष मात्र मोकाट आहे, रेषेवर वर-खाली कुठेही फिरणारा. एकाच नावाची दोन माणसं एका ओळीत आली की असंच होणार. म्हणून मी मुलांना सांगतो, डेरिव्हेटिव्ह काढला की आधी बिंदू घाला, येणारा आकडा वेगळ्या ओळीत ‘म = ६’ असा लिहा, त्याला चौकट करा, आणि मगच रेषेच्या सूत्राला हात लावा. चौकटीत अक्षर दिसलं तर थांबा.

य − ९ = ६(क्ष − ३), म्हणजे य = ६क्ष − ९.

उत्तर बरोबर आहे का हे मागच्या पानावर न बघता तपासता येतं, आणि ही तपासणी मला मूळ रीतीपेक्षाही सुंदर वाटते. वक्र आणि रेषा कुठे भेटतात ते बघा: क्ष² = ६क्ष − ९, म्हणजे क्ष² − ६क्ष + ९ = ०, म्हणजे (क्ष − ३)² = ०. उत्तर ३, पण दोनदा. आता पहिली छेदिका आठवा, (४, १६) मधून जाणारी, चढ ७. तिचं समीकरण य = ७क्ष − १२. ती वक्राला भेटते तिथे (क्ष − ३)(क्ष − ४) = ०. एक मूळ आपलं, एक उसन्या बिंदूचं. ३.१ वाल्या छेदिकेची मुळं ३ आणि ३.१. उसना बिंदू जवळ येत जातो तसं दुसरं मूळ पहिल्याकडे सरकतं आणि शेवटी त्याच्यात मिसळतं. वर्ग येतो तो म्हणून.

यातून एक जुना गैरसमजही दूर होतो. स्पर्शिका म्हणजे एकाच बिंदूत भेटणारी रेषा, हे दहावीत वर्तुळासाठी शिकवतात आणि तिथे ते खरं आहे. युक्लिडने वर्तुळाला भेटते पण कापत नाही अशी रेषा म्हटलं, तेही वर्तुळासाठीच. बाकी वक्रांना हा नियम लावला की फजिती होते. क्ष = ३ ही उभी रेषा आपल्या पॅराबोलाला एकाच बिंदूत भेटते, पण तिला कुणी स्पर्शिका म्हणणार नाही. उलट य = क्ष³ − ३क्ष हा वक्र घ्या. डेरिव्हेटिव्ह ३क्ष² − ३. क्ष = २ वर य = २ आणि चढ ९, म्हणून स्पर्शिका य = ९क्ष − १६. ती वक्राला कुठे भेटते? क्ष³ − १२क्ष + १६ = ०, याचे अवयव (क्ष − २)²(क्ष + ४). म्हणजे २ वर स्पर्श करून ही बाई पुढे −४ वर त्याच वक्राला सरळ कापून जाते. तरी ती २ वरची स्पर्शिका आहेच. स्पर्श ही त्या जागेपुरती गोष्ट आहे, लांब काय होतं याच्याशी तिला देणंघेणं नाही.

मोबाइलवर जिओजेब्रासारखं एखादं आलेख काढणारं अ‍ॅप असेल तर य = क्ष² काढा, (३, ९) वर दोन बोटं ठेवून मोठं करत जा. वक्र सरळ होत जाईल, आणि जी सरळ रेघ दिसेल तीच य = ६क्ष − ९. मग य = |क्ष| (क्षचं उणे चिन्ह असलं तर ते काढून टाकायचं) काढून शून्यावर तसंच करा. कोपरा कोपराच राहतो, कितीही मोठं करा. उजवीकडून उसना बिंदू आणला तर चढ १, डावीकडून आणला तर −१, एकमत होत नाही. तिथे डेरिव्हेटिव्ह नाही, आणि स्पर्शिकाही नाही.

वर्तुळाकडे एकदा वळतो, कारण तिथे दहावी आणि बारावी हातात हात घालतात. क्ष² + य² = २५, बिंदू (३, ४). इथे य एकटा डावीकडे काढत बसू नका. दोन्ही बाजूंचं सरळ विकलन करा, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढा, फक्त यचा चढ म आहे हे विसरू नका: २क्ष + २य·म = ०. बिंदू घातला, ६ + ८म = ०, म = −३/४. स्पर्शिका ३क्ष + ४य = २५. आणि केंद्रातून (३, ४) ला जाणाऱ्या त्रिज्येचा चढ ४/३. गुणाकार −१. स्पर्शिका त्रिज्येला लंब, तेच प्रमेय जे तुम्ही दहावीत कंपास घेऊन शिकलात. (५, ०) वर मात्र १० + ०·म = ० येतं, म सापडत नाही. तिथे स्पर्शिका उभी आहे, क्ष = ५. उभ्या रेषेला चढ नसतो, त्यामुळे सूत्राने हात वर केले तर घाबरायचं नाही, आकृती काढायची.

वर्तुळाची स्पर्शिका आपण अंगावर घेतलेलीही आहे. पावसाळ्यात मडगार्ड नसलेली सायकल चालवली की शर्टावर कंबरेपासून मानेपर्यंत चिखलाची एक पट्टी उमटते. मागच्या चाकाला चिकटलेला चिखल चाकाबरोबर गोल फिरत असतो; सुटला की गोल फिरत राहत नाही. सायकलवाल्याच्या नजरेने पाहिलं तर ज्या बिंदूवर सुटला तिथल्या स्पर्शिकेच्या दिशेने निघतो. चाकाच्या अगदी मागच्या टोकावर सुटलेला थेंब सरळ वर जातो. थोडा वर जाऊन सुटलेला वर आणि किंचित पुढे, म्हणजे थेट पाठीवर.

हेच अवघड वक्रावर करून बघू. १६३८ साली देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञ-गणितज्ञाने फर्माला डिवचण्यासाठी एक वक्र पुढे केला: स्पर्शिका काढायची तुझी रीत खरी असेल तर याला स्पर्शिका काढून दाखव. फर्मा पेशाने वकील, टूलूझच्या न्यायालयातला, गणित हा त्याचा फावल्या वेळचा नाद. त्याने काढून दाखवली. त्या वक्राचा एक नमुना क्ष³ + य³ = ६क्षय असा. पानासारखा वेढा येतो. (३, ३) त्यावर आहे, ५४ = ५४. विकलन केलं: ३क्ष² + ३य²·म = ६य + ६क्ष·म. बिंदू लगेच घाला, आधी म वेगळा काढत बसू नका: २७ + २७म = १८ + १८म. म = −१. स्पर्शिका क्ष + य = ६. ज्यावरून दोन थोर डोकी एकमेकांवर गुरगुरली ते काम आज चार ओळींत होतं. (०, ०) वर मात्र ० = ० येतं, कारण वक्र तिथे स्वतःलाच कापतो आणि दोन्ही अक्ष त्याच्या स्पर्शिका आहेत. एकाच चढाची मागणी तिथे पुरीच होऊ शकत नाही.

स्पर्शिकेचा रोकडा उपयोग विचाराल तर √२६ काढा, कॅल्क्युलेटरशिवाय. य = √क्ष ला क्ष = २५ वर स्पर्शिका काढली, चढ १/१०, रेषा य = ५ + (क्ष − २५)/१०. २६ घातले की ५.१. खरं उत्तर ५.०९९०. √३० ला ५.५ येतं, खरं ५.४७७२, अजून चालेल. √१०० ला मात्र १२.५! उत्तर दर वेळी जास्तच येतं, कारण हा वक्र स्पर्शिकेच्या खाली वळत जातो. बिंदूपाशी राहाल तोवर रेषा वक्राचं काम करते, लांब गेलात की सोडून देते.

राहता राहिला परीक्षेतला एक सापळा. ‘(१, −३) मधून य = क्ष² ला स्पर्शिका काढा.’ मुलं लगेच क्ष = १ घालून चढ २ काढतात. अरे, पण (१, −३) वक्रावर आहे का? १² म्हणजे १, −३ नाही. ‘पाशी’ आणि ‘मधून’ यांत फरक आहे. स्पर्श कुठे होतो ते माहीत नाही, म्हणून स्पर्शबिंदू (अ, अ²) धरा. तिथली स्पर्शिका य = २अ·क्ष − अ². ती (१, −३) मधून जायला हवी: −३ = २अ − अ², म्हणजे अ² − २अ − ३ = ०, अ = ३ किंवा −१. दोन स्पर्शिका मिळाल्या, य = −२क्ष − १ आणि आपली जुनी ओळखीची य = ६क्ष − ९.

बिंदू बदलून (१, ३) केला तर अ² − २अ + ३ = ० येतं आणि वर्गमुळाखाली −८ बसतो. स्पर्शिका एकही नाही. कागदावर पॅराबोला काढून बिंदू टाका, कारण लगेच दिसेल: तो वाटीच्या आत पडलाय, तिथून निघणारी कुठलीही रेषा काठ कापल्याशिवाय बाहेर पडत नाही.